मॉरिशस कुणाच्या जिवावर उभं राहिलं?

विणकर_इचलकरंजी

गेल्या आठवड्यात भाच्याशी कडाक्याचा वाद झाला. तो एमबीए करतोय. त्याचं म्हणणं असं की छोट्या देशानं देशी कंपन्यांचे लाड करूच नयेत. दारं सताड उघडी ठेवावीत, परदेशी भांडवल येईल, नोकऱ्या येतील, बाकीचं आपोआप होईल. मी 2002 ते 2009 अशी सात वर्षं मॉरिशसमध्ये स्वेटरच्या कारखान्यांत काढली. मला हे पटत नाही. का पटत नाही ते जेवणाच्या टेबलावर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मॉरिशस म्हणजे 2,040 चौरस किलोमीटर, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा देश. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. 12 मार्च 1968ला स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीत 90 टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा होता. त्याआधी 1961मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं अहवाल दिला होता. बेट एवढंसं, माणसं वाढतायत, पीक एकच, तेव्हा पुढचं फार काही बरं दिसत नाही, असा त्याचा सूर. मीडना पुढे 1977मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण मॉरिशसबाबतचा त्यांचा अंदाज साफ चुकला.

1970मध्ये सरकारनं निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा, कायदा केला. कल्पना तिथल्याच एका प्राध्यापकाची, एदुआर लिम फाट यांची. हाँगकाँगचे कारखानदार आले. ज्या देशात लोकरीसाठी मेंढी पाळत नाहीत तो देश लोकरी स्वेटरांच्या निर्यातीत जगात पुढच्या रांगेत जाऊन बसला. भाचा नेमका इथेच थांबतो: "बघ, परदेशी आले म्हणून झालं."

मी पुढचं बघितलंय. मी लागलो ती कंपनी परदेशी मालकीची, नाव लिहीत नाही. माझं काम लिंकिंगवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: स्वेटरचा गळा अंगाला जोडताना एकेक टाका गोल तबकडीच्या दातांवर हातानं बसवावा लागतो. एक दात चुकला तर आज काही दिसत नाही. गिऱ्हाइकानं दोनदा धुतला की गळा उसवत जातो. आमच्याकडे पन्नाशीच्या एक बाई होत्या, चष्मा न लावता, बोलता बोलता दात भरायच्या. त्यांच्या हातचा एकही नग सात वर्षांत माझ्याकडे परत आला नाही.

1 जानेवारी 2005ला जगभरच्या कपड्यांच्या निर्यातीवरचा कोटा, म्हणजे कुठल्या देशातून किती कपडे घ्यायचे याची श्रीमंत देशांनी घातलेली मर्यादा, संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. हाँगकाँगवाले मुळात मॉरिशसला आले ते बऱ्याच अंशी त्या कोट्यासाठीच: हाँगकाँगवर मर्यादा होती, मॉरिशसहून माल पाठवता यायचा. तो संपायच्या आधीच एका सोमवारी आम्ही कामावर गेलो तर गेटला कुलूप. जाळीतून आत दिसत होतं, यंत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओळीत उभी. बायका डबे हातात घेऊन दुपारपर्यंत तिथेच थांबल्या. कुणी बाहेर येऊन दोन शब्दसुद्धा बोललं नाही. शेवटचा पगार मिळायला चार महिने लागले.

त्यानंतर मला आणि आमच्यातल्या काही बायकांना घेतलं ते एका देशी गटाच्या कारखान्यानं. ऑर्डरी तिथेही घटल्या होत्या. पण त्या मालकांचं घर तिथे, ऊस तिथे, सासुरवाड तिथे. ते जाणार कुठे? त्यांनी साधा माल मादागास्करला हलवला आणि बारीक सुताचं, कमी नगांचं, लवकर पोचवायचं काम बेटावर ठेवलं. माझं म्हणणं एवढंच आहे: परदेशी कंपनी हंगाम बघून येते नि हंगाम संपला की जाते. छोट्या देशाला वाईट काळातही बांधलेला असा कुणीतरी लागतो.

आकडेमोड

काका, गेटचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

मॉरिशसच्या देशी कंपन्यांकडे पैसा आला कुठून? युरोप आणि त्याच्या जुन्या वसाहती यांच्यातल्या 1975च्या लोमे करारातल्या साखर प्रोटोकॉलमधून. युरोप दरवर्षी त्यांची सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या भावानं घेत होता आणि तो भाव बहुतेक वर्षं जागतिक बाजारापेक्षा बराच चढा असायचा. म्हणजे युरोपातला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजत होता आणि ते राजधानी पोर्ट लुईच्या कंपन्यांच्या खात्यात जमा होत होते. कपड्यांचं तेच, कोट्यामुळे बाजार आयता. वित्तसेवांचंही तेच. भारताशी 1980च्या दशकात दुहेरी करआकारणी टाळायचा करार झाला, आणि कर वाचतो म्हणून एके काळी भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीतला साधारण तिसरा हिस्सा मॉरिशसमार्गे येत होता.

तिन्ही वेळा दार बाहेरच्यांनी उघडलं. देशी कंपन्या उंबऱ्यावर उभ्या होत्या एवढंच. आणि ज्या परदेशी मालकाला तुम्ही दोष देताय त्यानंच यंत्रं आणली, गिऱ्हाइकं आणली, लिंकिंग शिकवलं. ते कारखाने आलेच नसते तर तुमच्या देशी गटाला तयार हाताच्या बायका मिळाल्या असत्या का?

विणकर_इचलकरंजी

शिकवलं त्यांनी, हे शंभर टक्के मान्य. मी स्वतः हाँगकाँगच्या एका फोरमनकडूनच शिकलो.

पण दार उघडलं म्हणून सगळेच आत जातात का? साखर प्रोटोकॉल एकट्या मॉरिशसला नव्हता. फिजी, गयाना, जमैका, बार्बाडोस, स्वाझीलंड, सगळ्यांना होता. मॉरिशसचा वाटा सर्वांत मोठा, हे खरं. पण त्या पैशाचं पुढे काय झालं ते बघा. 1974-75ला साखरेचे भाव आभाळाला टेकले. परकीय चलनावर निर्बंध होते, पैसा सहज बाहेर नेता येत नव्हता. नव्या निर्यात क्षेत्रात करमाफी होती. मग साखरेच्या मळेवाल्यांनी तो पैसा कापडात घातला, हॉटेलांत घातला. निर्यात क्षेत्रातल्या कंपन्यांचं जवळपास निम्मं भागभांडवल मॉरिशसच्याच लोकांचं होतं. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी निर्यात क्षेत्रांत असं झालं नाही. तिथे कुंपणाच्या आत परदेशी, कुंपणाबाहेर गरिबी, आणि मध्ये फक्त पगाराची पाकिटं.

हॉटेलांचंही बघा. बीचकोंबर ही 1952पासूनची तिथलीच कंपनी. पर्यटन वाढलं तेव्हा समुद्रकाठच्या हॉटेलांमध्ये देशी मालकी आधीपासून होती. त्यामुळे नफ्याचा मोठा भाग बेटावर राहिला.

सह्याद्रीपार

एक शंका. देशी कंपनी म्हणजे नक्की कोणती? मॉरिशसमधल्या एबेन या कार्यालयांच्या वसाहतीत एका इमारतीत एकाच दाराआड शेकडो कंपन्या नोंदलेल्या असतात. नोंदणी मॉरिशसची, संचालकांपैकी दोघं मॉरिशसचे, पैसा तिसऱ्याचा, धंदा मुंबईत. कागदावर ती देशीच ना? मी काही काळ अशा कंपन्यांची वार्षिक कागदपत्रं भरायचं काम केलंय. सभेचं इतिवृत्त आधीच टाइप केलेलं असायचं, सही तेवढी घ्यायची.

2016मध्ये भारतानं करार बदलला आणि 1 एप्रिल 2017नंतर घेतलेल्या शेअर्सच्या भांडवली नफ्यावर कर लावायला सुरुवात केली. त्यानंतर तिथे काय वातावरण होतं ते मी जवळून बघितलंय. हिशोब ठेवणारी तरुण मुलं रोज विचारायची, काम राहणार का? कारण निर्णय त्यांच्या देशात होत नव्हता. नोंदणी कुठली यावर माझ्या लेखी काही ठरत नाही. पुढच्या वर्षी पैसा कुठे लावायचा हे जिथे ठरतं, ती कंपनी त्या देशाची.

आकडेमोड

ही व्याख्या मला चालेल. पण मग काकांचा देशी गटही तपासा. साधा माल मादागास्करला हलवायचा निर्णय पोर्ट लुईत झाला. सिएल या देशी गटाचे कापड कारखाने आज मादागास्करमध्ये आहेत, भारतात आहेत. किराणा दुकानांपासून बिअरपर्यंत पसरलेल्या आयबीएल या देशी गटाच्या पुढाकारानं 2022मध्ये केनियातल्या नैवास या सुपरमार्केट साखळीत मोठा हिस्सा घेतला गेला. हेही हंगाम बघूनच चाललेत. फरक इतकाच की हे हळूहळू जातात, कुलूप लावून जात नाहीत.

काळीनदी

नमस्कार. मी मॉरिशसची. माझ्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारावर, आले. मराठी घरात आजीकडून ऐकली आणि पुढे मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत शिकले. लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे देशी विरुद्ध परदेशी असं बोलताय. आमच्या घरात हा प्रश्न असा कधी आलाच नाही. आमचा प्रश्न असा आहे की देशी, पण कुणाची?

विणकरदादा, तुम्ही म्हणता मालकांचं घर तिथे, ऊस तिथे, जाणार कुठे. खरं आहे. पण तो ऊस त्यांचा कसा झाला? आम्ही मोठ्या मळ्याला ताब्लिस्माँ म्हणतो. फ्रेंचांच्या काळापासून थोड्या घराण्यांकडे जमीन होती. 1834पासून गिरमिटिये आणून ती कसली गेली. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या आप्रवासी घाटाच्या त्या सोळा पायऱ्या चढून लाखो माणसं आली, त्यांत आमचेही. पुढे त्याच घराण्यांनी साखरेचा पैसा बँकेत, विम्यात, हॉटेलात, दुकानात घातला. मॉरिशस कमर्शियल बँक 1838ची आहे, रॉजर्स ही कंपनी 1899ची. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं तेव्हा शर्यतीत काही जण शंभर वर्षं आधी पळायला लागले होते.

आज मी सकाळी दुकानात जाते ते ज्यांचं, नवऱ्याचं हॉटेल ज्यांचं, घराचा विमा ज्यांचा, मुलाच्या शाळेजवळचं नवं शहर जे उसाच्या जमिनीवर उभं राहिलं ते ज्यांचं, ती नावं पाच-सहाच आहेत. सगळी देशी. मला त्यांचा राग नाही, त्यांनी देश सोडला नाही हे खरंच आहे. पण माझ्या मुलाला त्यात जागा कुठे?

एक सांगते. माझी जाऊ अचार करते. आमचा अचार तुमच्या लोणच्यासारखा नसतो, गाजर, कोबी, घेवडा बारीक चिरून मोहरी-हळदीत परततात, दालपुरीबरोबर खातात. गावात तिचा अचार हातोहात जायचा. एका मोठ्या दुकानसाखळीकडे गेली. त्यांनी आधी बारकोड मागितला, तो केला. मग प्रयोगशाळेचा दाखला, तोही केला. मग म्हणाले पैसे 90 दिवसांनी, न खपलेला माल परत, आणि फळीवर डोळ्यांच्या उंचीची जागा हवी तर वेगळे पैसे. दोन महिने तिनं माल घातला. तिच्या बरण्या सगळ्यांत खालच्या फळीवर, मोठ्या कंपनीच्या बरण्यांमागे. परत आलेल्या 40 बरण्या आम्ही घराघरांत वाटल्या. दुकान देशी, जाऊ पण देशी.

पाचट

काळीनदीताई, तुमचं मराठी आमच्यापेक्षा नेटकं आहे, चुकांचं काय घेऊन बसलात.

मी प्रवरेच्या पट्ट्यातला. तुमचा प्रश्न वाचून आमच्या आजोबांची पिढी आठवली. इथेही आधी खासगी कारखाने होते आणि शेतकरी उसाची मोळी टाकून भावाची वाट बघायचा. 1950च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला. शेतकऱ्यानं शेअर घेतला आणि ऊस घालणाराच मालक झाला. पुढे सहकारात काय काय शिरलं ते आम्ही भोगतोय, ते झाकत नाही. पण आमच्या तालुक्यातलं कॉलेज, दवाखाना, रस्ते त्या साखरेच्या पैशातून झाले, कारण मालकी गावात होती.

मॉरिशसमध्ये लहान शेतकऱ्याला मालकी कधी मिळालीच नाही का?

काळीनदी

थोडी मिळाली, पाचटदादा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेला वाईट दिवस आले तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी कडेची जमीन तुकड्यांनी विकली. गिरमिट संपलेल्या माणसांनी साठवलेले पैसे घालून ती घेतली. माझ्या आजीकडे दोन आर्पाँ होते, म्हणजे तुमचे साधारण दोन एकर. कारखाना आपला नव्हता, पण नियम बरा होता: उसातून निघालेल्या साखरेतला 78 टक्के वाटा ऊसवाल्याचा, 22 टक्के कारखान्याचा. विक्री सगळ्यांची एकत्र, 1919पासूनच्या शुगर सिंडिकेटमधून. त्यामुळे आजीच्या साखरेला तोच भाव जो ताब्लिस्माँच्या साखरेला. त्या भावावर तिनं तीन मुलं शिकवली. त्यातला एक माझे बाबा, शिक्षक झाले.

1994मध्ये शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट निघाला, कामगार आणि लहान शेतकरी यांना साखर कारखान्यांत 20 टक्के हिस्सा देणारा. बाबांनी त्याचे शेअर घेतले होते, ते सर्टिफिकेट अजून कपाटात आहे.

मग युरोपनं 2006पासून चार वर्षांत भाव 36 टक्क्यांनी उतरवला, आणि 2009मध्ये प्रोटोकॉलच संपला. कारखाने एकेक करून बंद होत आता तीन उरलेत. मोठ्यांनी जमिनीवर घरं बांधली, चिपाडावर वीज केली, हॉटेलं होतीच. दोन आर्पाँवाल्यानं काय करायचं? ऊस तोडायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. आजीची जमीन चार वर्षं पडीक आहे, त्यात आता बाभळीसारखं काटेरी झुडूप वाढलंय. माझ्या मामेसासऱ्यांनी मळ्याच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, रोख रक्कम आणि सात पर्चेस जमीन मिळाली. सात पर्चेस म्हणजे 300 चौरस मीटरला थोडी कमी. त्यावर घर बांधलं. ते आनंदात आहेत, हेही सांगायला हवं.

आकडेमोड

ताई, तुमच्या दोन्ही प्रतिसादांनी माझाच मुद्दा पक्का होतो. देशी कंपनीला संरक्षण दिलं की ते मिळतं आधीपासून मोठ्या असलेल्याला. 12-13 लाखांच्या बाजारात एका वस्तूचे दोन-तीनच विक्रेते टिकतात. त्यांना बाहेरची स्पर्धा नसेल तर तुमच्या जावेच्या बरण्या खालच्याच फळीवर राहणार.

आणि संकट आलं की बिल कुणाकडे जातं? 2020मध्ये कोविडनं पर्यटन बंद पाडलं. मॉरिशसच्या मध्यवर्ती बँकेनं मॉरिशस इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन काढली, 80 अब्ज रुपये, म्हणजे त्यांचे आठ हजार कोटी. हॉटेलांच्या गटांना त्यातून आधार दिला. काका म्हणतात वाईट काळात बांधलेला माणूस लागतो. तो बांधलेला होता, पण दोर सरकारनं धरला होता. परदेशी हॉटेल असतं तर तोटा परदेशी भागधारकाचा झाला असता.

देशी म्हणून विश्वास टाकायचा तर 2015ही आठवा. ब्रामर बँकेचा परवाना एप्रिलमध्ये रद्द झाला आणि त्याबरोबर बीएआय हा सगळा देशी गट कोसळला. विम्याच्या योजनांत पैसे गुंतवलेली हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. सगळं देशीच होतं.

दुसरी_पाळी

आकडेमोड, तोटा परदेशी भागधारकाचा झाला असता हे बरोबर, पण नोकऱ्या कुणाच्या गेल्या असत्या? काकांच्या गेटबाहेरच्या बायकांच्या. 2020मध्ये हॉटेलातली माणसं पगारावर राहिली, कारण सरकारला कुणाशी बोलायचं ते माहीत होतं, ते फोन उचलत होते. माझा भाऊ तिथल्या एका हॉटेलात शेफ आहे. सहा महिने एकही पाहुणा नव्हता, पगार कापून का होईना, पण आला. त्याच वेळी आखातात माझ्या मावसभावाला मेलवर काढलं.

80 अब्जांच्या अटी कडक असायला हव्या होत्या, यावर मात्र तुमच्याशी सहमत. सार्वजनिक पैसा घेतला की जागा उघडी करायला लावायची. काळीनदीताईंच्या जावेची फळी तिथेच मागता आली असती.

आकडेमोड

हे मी मान्य करतो. मदतीला अट हवी.

पण मोठा प्रश्न राहतोच. जुलै 2020मध्ये जागतिक बँकेनं मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात घेतलं आणि वर्षभरात कोविडमुळे ते परत खाली आलं. इथून पुढे वर जायला काय लागेल? साखर गेली, कोटा गेला, कर करार पातळ झाला. कापड कारखान्यांत आज बांगलादेशातून आणलेले कामगार आहेत, कारण मॉरिशसची मुलगी आता लिंकिंगला बसत नाही आणि बसूही नये. नवीन काही करायचं तर ज्ञान बाहेरूनच येणार. पाच-सहा जुनी घराणी हॉटेल आणि जमीन यांतच पैसा लावणार, कारण तिथे धोका कमी. देशी मालकी म्हणजे देशी धाडस नव्हे.

सह्याद्रीपार

शेवटचं वाक्य विचार करायला लावणारं आहे. पण मी थोडं उलटं बघितलंय. धाडस 1970च्या दशकात होतं ना? साखरेत सात पिढ्या काढलेल्या माणसानं स्वेटरात पैसा घालणं हे धाडसच. ते आलं कुठून? पैसा बाहेर न्यायला बंदी होती आणि मोठ्या मळ्यांच्या साखर निर्यातीवर कर होता. जुन्या धंद्यात ठेवून फायदा नाही, बाहेर नेता येत नाही, मग नवीन करा. आता पैसा नैरोबीला जाऊ शकतो, मादागास्करच्या राजधानीला, आंतानानारिव्होला जाऊ शकतो. जाऊ दे, त्यातून नफा परत येतो. पण बेटावर नवीन काही करायचा दट्ट्या मात्र उरला नाही. मला वाटतं तुमचं भांडण कंपन्यांशी नसून या दट्ट्याशी आहे.

पाचट

सह्याद्रीपार, पटलं. आमच्याकडे उसाचा भाव ठरलेला, म्हणून कारखान्यांनी वर्षानुवर्षं साखरेपलीकडे बघितलंच नाही. इथेनॉलचं दार सरकारनं उघडलं आणि मग सगळे धावले.

काळीनदी

आकडेमोडदादा, बाहेरचे आले की जावेची बरणी वर जाईल असं तुम्हाला वाटतं. आमच्याकडे बाहेरचं नाव लावलेली मोठी दुकानंही आहेत. तिथेही ती गेली होती. तेच 90 दिवस.

2013पासून आमच्या कारखानदारांच्या संघटनेनं 'मेड इन मोरिस' असा शिक्का सुरू केला, इथे बनलेल्या वस्तूंवर लावायचा. लोक तो बघून घेतात, मीही घेते. बोआ शेरीचा चहा, आमच्या नूडल्स. जहाज वेळेवर आलं नाही की फळ्या कशा रिकाम्या होतात ते आम्ही कोविडमध्ये बघितलं, तेव्हा इथे बनणारं इथेच बनावं हे मला मनापासून वाटतं. त्या शिक्क्यालाही अर्ज, तपासणी आणि पैसे लागतात. जावेनं अजून केला नाही.

2020मध्येच ते जपानी मालकीचं जहाज आमच्या किनाऱ्यावर फुटलं, वाकाशियो. तेल पसरलं तेव्हा कंपनी कुठली हे कुणी विचारलं नाही. उसाचं पाचट पोत्यांत भरून आम्ही समुद्रात तरंगणारे बांध केले, बायकांनी केस कापून दिले. पाचट ताब्लिस्माँनं दिलं, ट्रकही त्यांचे, शिवायला हात आमचे. त्या आठ दिवसांत मला वाटलं होतं की हे आपले आहेत. मग सगळं परत होतं तसं झालं. मला ते आठ दिवस दुकानाच्या फळीवर हवे आहेत. म्हणजे मोठ्या गटानं लहान माणसाकडून माल घेताना 30 दिवसांत पैसे द्यायचे, कायद्यानं. आणि आपल्याच देशातली बँक घर गहाण न ठेवता दोन लाख रुपये देईल, एवढंच.

विणकर_इचलकरंजी

काळीनदीताई, मी धागा काढला तेव्हा देशी म्हणजे मालक असंच डोक्यात होतं. तुम्ही पहिल्याच प्रतिसादात ते फिरवलंत. आणि आकडेमोड, शिकवलं कुणी हा तुमचा मुद्दाही मी भाच्याला सांगणार आहे, माझ्या विरुद्ध जात असला तरी.

घर गहाण वरून आठवलं. वर ज्या लिंकिंगवाल्या बाईंबद्दल लिहिलं, त्या देशी कारखान्यातून 2011मध्ये निवृत्त झाल्या. त्या कुरपीपच्या. कुरपीप उंचावर, पाऊस आणि गारठा, तिथल्या शाळांना स्वेटर लागतो. बंद पडलेल्या एका कारखान्याची दोन लिंकिंग यंत्रं भंगाराच्या भावात निघाली, ती त्यांनी घेतली. बँकेनं घराचे कागद मागितले, नवरा नाही म्हणाला, शेवटी बहिणीनं सोनं दिलं. ओसरीवर पत्रा टाकून सुरुवात केली. पहिली दोन वर्षं एकाच शाळेचं काम. आता चार शाळांचं आहे आणि हाताखाली तिघी, त्यातल्या दोघी त्या सोमवारी गेटबाहेर होत्या.

अशी कंपनी कुठल्या यादीत येते मला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता, तिसरं यंत्र घेतायत. तबकडी सात गेजची घेऊ की बाराची, विचारत होत्या (गेज जितका जास्त, तितके दात बारीक). शाळेचं सूत जाड असतं, सातची घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या नाही, बाराची घेते, मला बारीक कामही करायचंय.